दोनशे अकरा वेळा ‘हं’

(चाव्या बनवायचं लहानसं दुकान. दुपार. काउंटरमागे दादा, समोर स्टुलावर त्याचा धाकटा भाऊ, दोघांच्या मध्ये फोन, त्यावर रिंगमधल्या कुस्तीच्या पॉडकास्टमधली एक मुलाखत. दादाची मान वळत नाही. कोणाकडे बघायचं तर तो खांद्यासकट वळतो.)

धाकटा: बस झालं आता. सात वेळा ऐकलंस.

दादा: आठव्यांदा लाव. बेचाळिसाव्या मिनिटापासून.

धाकटा: त्यातून काही नवीन निघणार आहे का?

दादा: तू लाव.

धाकटा: पाठ झालंय मला. पहाड म्हणतो, “त्या मॅचचं म्हणाल, तर चूक कोणाची होती हे मी आजपर्यंत…” मग एक मोठा श्वास घेतो, आणि तेवढ्यात तो होस्ट, होयबा, मध्ये घुसतो. “थांबा, थेटच विचारतो. हात तुम्ही मुद्दाम सोडलेत का?” झालं! पहाड हसतो, “तुम्हाला काय वाटतं?” म्हणतो, आणि तिथून पुढे त्याचा तो रिंगमधला खलनायकाचा आवाज. मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग जाहिराती.

दादा: तो श्वास नाहीये.

धाकटा: मग काय आहे?

दादा: खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आहे. नीट ऐक. पहाडाला मनातलं काही सांगायचं असलं ना, की तो पुढे सरकायचा. कपडे बदलायच्या खोलीत बाकसुद्धा ओढायचा, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. चार वर्षं जोडीनं लढलो आम्ही, मला कळणार नाही? तो सांगणार होता रे.

धाकटा: म्हणून तर जीव तळमळतो. दहा सेकंद गप्प बसला असता तो होस्ट…

दादा: होस्टला नावं ठेवू नकोस. सगळ्यांत चांगला होस्ट तोच होता.

धाकटा: मास्तर होस्ट असता तर?

दादा: मास्तर? त्याच्याकडे मुलाखत नसते, तोंडी परीक्षा असते. घरून पन्नास प्रश्न लिहून आणतो. पाहुणा रडायला लागला तरी हा आपला, “बरं, मग पट्टा कितव्या मिनिटाला जिंकलात?”

धाकटा: पण तारखा अचूक असतात त्याच्या.

दादा: तारखा कॅलेंडरातही असतात.

धाकटा: आणि खिदळ्या?

दादा: त्याचं तर नावच काढू नकोस. समोरचा सांगतोय, माझा गुडघा निखळला, सहा महिने बिछान्यात होतो, आणि हा, “हॅहॅहॅ, काय दिवस होते ते!” अरे, कोणाचे दिवस? तू कुठे होतास? नाही, होयबाची गोष्टच वेगळी होती. तो गप्प बसायचा. त्याच्यापुढे माणूस आपोआप बोलायला लागायचा.

वहिनी: (दारातून आत येत) दुकान आहे की तुमचं फॅन मंडळ? शाळा सुटल्यावर सरळ इकडे येतेय, तर कोपऱ्यापासून त्या पहाडाचा आवाज. गेला तरी माझ्या घरादारातून हलायला तयार नाही.

दादा: अगं, पंधरा दिवस झालेत त्याला जाऊन.

वहिनी: माहितीये. झोपेत हार्ट बंद पडलं, तुमच्या त्या फॅन पेजवर वाचलं भाऊजींनी, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघं हे एकच पालुपद लावून बसलायत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून मी गप्प आहे. तेवढंच चांगलं बोलले असं समजा. त्या दवाखान्यातल्या बाईंच्या कपाटाची चावी झाली?

दादा: कानस मारायची राहिलीय.

वहिनी: राहिलीच असणार. भाऊजी, तुम्हाला काम नाही?

धाकटा: अर्धा दिवस रजा टाकलीय, वहिनी.

वहिनी: वा. लोक दातांविना बसलेत आणि कवळ्या बनवणारे इथे मॅच ऐकतायत.

धाकटा: मॅच नव्हे, मुलाखत.

वहिनी: तेच ते. दोन बाप्ये समोरासमोर बसणार, तासभर जुन्या मारामाऱ्या उगाळणार, एकमेकांना ‘तुम्ही ग्रेट, तुम्ही ग्रेट’ म्हणणार. पुढे ज्यांनी शेक दिले, मलमं चोळली, संडासापर्यंत धरून नेलं, त्या बायकांना बोलावतं का कोणी? एकदा बोलवा म्हणावं मला.

धाकटा: तुमचा एपिसोड सगळ्यांत जास्त चालेल.

वहिनी: चालेल कसला, पळेल. सुरुवातच अशी करीन, की लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्या पहाडानं माझ्या नवऱ्याला हवेतून खाली सोडलं.

दादा: पुरे गं.

वहिनी: का पुरे? रोज सकाळी मान तुमची, हात माझे.

धाकटा: वहिनी, बसा जरा. दादा, तूही ती कानस ठेव. मला एक सांगायचंय, दोघं आहात तोवर.

वहिनी: नोकरी सोडलीत की काय?

धाकटा: नाही हो. दादा, फॅन पेजवर तो ‘जबडा’ म्हणून आहे ना…

दादा: त्या आगलाव्याचं इथे काय काढलंस? होयबा हे नाव त्यानंच पाडलं. आता त्या होस्टचं खरं नाव काय होतं तेही कोणाला आठवत नाही. प्रत्येक एपिसोडला दहापैकी मार्क देत बसतो, जसं काही याच्या बापानं रिंग बांधली होती.

धाकटा: जबडा मी आहे.

दादा: काय?

धाकटा: तो मी आहे, दादा.

वहिनी: कवळ्या बनवतो म्हणून जबडा. अहो, एवढं तुमच्या डोक्यात आलं नाही? मी त्या पेजकडे ढुंकून बघत नाही म्हणून, नाहीतर मी पहिल्या दिवशी ओळखलं असतं.

दादा: ते मोजणारा तू? ते हंहं?

धाकटा: हो. लॅबमध्ये घासकाम करताना दिवसभर कानात हेच असतं. एक दिवस कंटाळा आला होता, सहज मोजायला लागलो. होयबा एका एपिसोडमध्ये किती वेळा ‘हं’ म्हणतो ते. प्लास्टरच्या साच्यावर पेन्सिलीनं रेघा मारत गेलो. दोनशे अकरा. घरी येऊन लिहिलं. चारशे लोकांना आवडलं ते. लोक त्याला भेटले की तोंडावर ‘हं’ म्हणायला लागले.

दादा: मजा वाटली असेल.

धाकटा: खोटं कशाला बोलू, वाटली. पण ते नुसतं मजेपोटी नव्हतं रे. पुढचा पाहुणा पहाड आहे, हे जाहीर झालं होतं. मी खाली आणखी लिहिलं, “पहाड आला की हंहं करत बसू नका. अठरा वर्षांपूर्वीचं थेट विचारा. त्याला पळवाट देऊ नका. विचारता येत नसेल तर माईक दुसऱ्याला द्या.”

दादा: आणि त्यानं ते एपिसोडच्या सुरुवातीला वाचून दाखवलं.

धाकटा: हो.

दादा: आवाज पडला होता त्याचा. “जबडा यांनी माझी चूक दाखवून दिली, मी सुधारायचा प्रयत्न करीन.” मला काय वाईट वाटलं होतं तेव्हा. मी फोन केला होता तुला. म्हटलं, कोण हलकट आहे हा?

धाकटा: मी ‘खरंय’ म्हणालो.

दादा: म्हणालास खरा.

धाकटा: पुढचं ऐक. एपिसोड आला त्या दिवशी मला काहीच कळलं नाही. उलट मी खूश. म्हटलं, याला म्हणतात प्रश्न! दुपारी होयबाचा मला निरोप आला. “तुम्ही म्हणालात तसं केलं. आता बरं झालं ना?” एवढंच.

वहिनी: मग तुम्ही काय कळवलंत?

धाकटा: दहापैकी नऊ.

वहिनी: देवा.

धाकटा: पहाड गेल्याचं वाचलं त्या दिवशी पुन्हा लावला. तेव्हा कुठे ऐकू आलं, की तो सांगत होता. आपणहून सांगत होता, आणि आम्ही… म्हणजे मी. मीच त्याला गप्प केलं. होयबानं पॉडकास्ट बंद केलाय परवापासून. कारण दिलं नाही. मला माहितीये कारण.

दादा: तू नुसते मोजलेस. त्याचा ‘हं’ म्हणजे काय होतं ते ऐकलं नाहीस. बसमध्ये आपण जरा सरकतो ना, बसा म्हणून? तसं होतं ते. समोरच्याला जागा करून देत होता तो माणूस.

धाकटा: आता कळतंय ना. शिव्या घाल हवं तर. पण मी तुझ्यासाठी केलं, दादा. अठरा वर्षं बघतोय मी तुला. रस्ता ओलांडताना अख्खा इकडे वळतोस, अख्खा तिकडे वळतोस. मला वाटलं, ज्यानं हे केलं त्यानं हात मुद्दाम सोडले की निसटले, एवढं तरी या माणसाला कळायला हवं. न कळता म्हातारा व्हायला नको.

दादा: मला माहीत होतं.

धाकटा: काय माहीत होतं?

दादा: त्यानं सोडलं नाही. आणि निसटलंही नाही.

वहिनी: मग काय जमीन वर आली?

दादा: तू बस. उभी राहून नको ऐकूस.

वहिनी: बसले. बोला.

दादा: रिंगमधलं सगळं आधी ठरलेलं असतं, हे आता शाळेतली पोरंही सांगतील. तेव्हा घरातसुद्धा तोंड उघडायची चोरी होती. म्हणून तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी वरच्या दोरावरून उडी घ्यायचो, हवेत गिरकी मारायचो, पहाड मला छातीशी झेलायचा. लोकांना वाटायचं, काय धाडस! धाडस वगैरे काही नाही. उडीच्या आधी मी त्याच्या हाताचा आधार घेऊन दोरावर चढायचो, तेव्हा त्याचं मनगट दाबायचो. एकदा दाबलं तर एक गिरकी. दोनदा दाबलं तर दीड. दीड असली की मी लांब जायचो, म्हणून त्याला दोन पावलं मागे सरून उभं राहावं लागायचं.

धाकटा: मग त्या दिवशी?

दादा: मी एकदाच दाबलं. आणि दीड घेतली.

धाकटा: विसरलास?

दादा: विसरलो असतो तर बरं झालं असतं.

धाकटा: दादा…

दादा: त्या दिवशी दुपारी कंपनीच्या मालकानं दोघांना बोलावून सांगितलं, जोडी फोडतोय. पहाड एकटा लढेल, पट्टा त्याला. माझ्यासाठी म्हणे बघू काहीतरी. पहाड बिचारा बाहेर येऊन मला म्हणाला, मी नाही म्हणून सांगतो त्याला. मी म्हटलं, छे छे, मला आनंदच आहे. आणि वर दोरावर चढताना माझ्या डोक्यात एकच. लोकांनी आज माझ्याकडे बघितलं पाहिजे. आणि याची जरा धांदल उडाली पाहिजे. धडपडला, लोक हसले, की कळेल मालकाला. एवढंच हो. पडायचं डोक्यात नव्हतं. कोणाच्या असतं?

धाकटा: पण टीव्हीवर तर त्याचे हात मागे जाताना दिसतात. मी शंभरदा बघितलंय.

दादा: मागे जात नाहीत. मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे चाललोय हे कळल्यावर तो मागच्या मागे झेपावला. त्याच्या बोटांना माझी पाठ लागली, म्हणून मी डोक्यावर न पडता खांद्यावर पडलो. म्हणून मी आहे. तो कॅमेरा समोरून होता, त्यात ते हात काढून घेतल्यासारखं दिसतं. मालकाला तर आयतं सापडलं. आठवड्याच्या आत पोस्टर लागली, ‘दगाबाज पहाड’. हॉलच्या हॉल शिव्या द्यायचा त्याला. त्यानं त्या खाल्ल्या, त्यावर पोट भरलं, नाव केलं. पण खरं एका वाक्यात सांगता आलं असतं त्याला. कधीही.

धाकटा: मग का नाही सांगितलं?

दादा: ते मला काय विचारतोस? ज्याला विचारायचं तो गेला. मला वाटतं, मी बिछान्यात पडलेला, वर माझाच दोष निघाला तर कंपनीनं दवाखान्याचं बघितलं नसतं, म्हणून आधी गप्प राहिला. मग गप्प राहायची सवय झाली असेल. आणि तुला काय वाटलं, मी हे सगळे एपिसोड चाव्या घासताना करमणूक म्हणून ऐकायचो? मास्तर, खिदळ्या, सगळे ऐकले. वाट बघायचो. कोणीतरी त्याला बोलतं करील, तो सांगून टाकील, आणि मला सांगावं लागणार नाही.

वहिनी: तो आला होता घरी.

दादा: माहितीये.

वहिनी: दवाखान्यातून तुम्हाला आणलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात. एवढा मोठा देह, जिना चढून धापा टाकत होता. मी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतून बोलले. माणसानं माणसाला बोलू नये ते बोलले. तुझ्या घरी कोणी असं लुळं होऊन पडलं म्हणजे कळेल, म्हटलं. तो नुसता ‘हो वहिनी, हो वहिनी’ करत राहिला.

दादा: हो.

वहिनी: तुम्ही आत झोपला होतात.

दादा: नव्हतो झोपलो.

वहिनी: काय?

दादा: जागा होतो. सगळं ऐकलं मी.

वहिनी: ऐकलंत. आणि मला बोलू दिलंत.

दादा: एक हाक मारायची होती नुसती. ‘येऊ दे त्याला’ म्हणायचं होतं. मान हलत नव्हती, तोंडाला काही झालं नव्हतं.

वहिनी: अठरा वर्षं त्या माणसाचा राग केला हो मी. मनापासून केला. तुमची मान शेकताना रोज त्याला शिव्या दिल्या, आणि तुम्ही माझ्याच हातांखाली बसून त्या ऐकल्यात. एकदाही वाटलं नाही, हिला थांबवावं?

दादा: रोज वाटायचं.

वहिनी: वाटून काय उपयोग? मला फसवलंत तुम्ही. पडलात त्याचं एक वेळ सोडा, तरुण होतात, डोकं फिरलं. पण माझ्या तोंडून त्याला बोलून घेतलंत. ते मी कुठे फेडू आता?

धाकटा: वहिनी, पाणी घ्या.

वहिनी: नको मला पाणी.

धाकटा: दादा, मी काय म्हणतो, अजून वेळ गेलेली नाही. मी होयबाला गळ घालतो. एक शेवटचा एपिसोड, फक्त तू. हे सगळं जसंच्या तसं सांग. पहाडावरचा डाग पुसला जाईल. सगळ्या फॅन लोकांना कळेल.

दादा: आणि मग?

धाकटा: मग काय?

दादा: दोन दिवस कमेंट पडतील. खरं बोलतोय की प्रसिद्धीसाठी बोलतोय. आधी का नाही बोलला. होस्टला दहापैकी किती. तिसऱ्या दिवशी दुसरा पाहुणा. नाही रे बाबा. ज्यांना सांगायचं ते फॅन नव्हेत. होयबाला मात्र लिही तू. ते नऊ मार्क परत घे, तू कोण ते सांग, आणि चुकलो म्हण. आणि आधी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मार.

धाकटा: लिहितो. आजच लिहितो.

वहिनी: त्याची बायको आहे ना?

दादा: आहे. एक मुलगीही आहे. कॉलेजात असेल आता.

वहिनी: म्हणजे ती पोर शाळेत दगाबाजाची मुलगी म्हणून वाढली.

दादा: (फोन उचलून बंद करतो.)

वहिनी: उठा. दुकान बंद करा.

दादा: आत्ता?

वहिनी: मग कधी? आणखी कोणी माईक लावील तेव्हा? भाऊजी, ते शटर ओढा.

धाकटा: त्या बाईंची कपाटाची चावी?

वहिनी: उद्या. मी सांगते त्यांना.

दादा: त्यानं बायकोला सांगितलं असेल सगळं.

वहिनी: असेल तर बरंच आहे. तुम्हाला बघितल्यावर ओळख तरी द्यावी लागणार नाही.

दादा: ओळखते ती. दोनदा समोर आली होती, एकदा बाजारात, एकदा बँकेत. मी वळलो. दुसऱ्या कोणाला नुसती नजर चुकवता येते, न दिसल्यासारखं करता येतं. मला अख्खं अंग फिरवावं लागतं. तिला कळलं नसेल असं कसं म्हणू?

वहिनी: मग आता तसंच अख्खं अंग तिच्यापुढे न्या. मी येते बरोबर. मलाही बोलायचंय तिच्याशी.

दादा: तू काय बोलणार?

वहिनी: मी साखळी काढली नव्हती, एवढं. माझं मी सांगीन. तुमचं तुम्ही. मध्ये माझ्याकडे बघायचं नाही.

धाकटा: पत्ता आहे का? नाहीतर फॅन पेजवर कोणाकडे तरी…

दादा: पत्ता आहे मला.

वहिनी: ती विचारील, इतकी वर्षं कुठे होतात?

दादा: विचारीलच.

वहिनी: काय सांगाल?

दादा: खरं तेच. इथेच होतो. तुमच्या घरापासून सहाव्या स्टॉपवर.